शेती औजारांचं वर्कशॉप, जीएसटी 5 टक्के झाल्यावर हिशोब कुणाकडं द्यावा? (बजेट महिना हजार)

वखरवाला_परभणी
नमस्कार मंडळी. परभणीजवळ आमचं छोटं वर्कशॉप हाय, चार पोरं कामाला, पेरणीयंत्र, ट्रॅक्टरचा वखर, पंजी बनवतो, लोखंड जालन्याहून येतं. 22 सप्टेंबर 2025 पासून आमच्या मालावरचा जीएसटी 12 वरून 5 झाला, गिऱ्हाईक खूष, पण लोखंड घेताना आम्ही 18 च द्यायलोत आणि ते क्रेडिट (खरेदीवर भरलेला, पुढं वळता करून घ्यायचा कर) पोर्टलवर नुसतं साचायलंय. दुसरं दुखणं म्हणजे एका मोठ्या डीलरकडं चार महिन्यापासून पैसे अडकलेत. रिटर्न आजपर्यंत ओळखीचा एक पोरगा भरायचा, तो नोकरीला पुण्याला गेला. आता सॉफ्टवेअर घेऊ, मुनीम ठेवू का सीए धरू? बजेट महिन्याला हजार, त्याच्यावर एक रुपया नाही. तुम्ही काय करता ते सांगा.

लातूरची_डाळ
हजारात आजकाल काय येतंय भाऊ. आम्ही सीएला महिना साडेचार देतो, वर टॅली, वर ऑफिसात एक पोरगी. पण झोप शांत लागते. सीएच धरा.

धर्माबादी_मिरची
एवढी डोकेफोड कशाला, उलाढाल दीड कोटीच्या आत असंल तर कंपोझिशनमध्ये (छोट्या धंद्याची ठोक कराची योजना) जा की. 1 टक्का भरायचा, तीन महिन्याला एक चलन, विषय संपला. मी चार वर्षं झाले तेच करायलो, सीए नाही न फीए नाही.

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
मिरची दादा, तुमचं ठीक हाय, यांचं बुडंल. शंभरच्या औजारात साठचं लोखंड धरा, त्याच्यावर 10 रुपये 80 पैसे कर गेला. विकताना गिऱ्हाइकाकडून घेतले 5. म्हणजे शंभरामागं 5.80 अडकले, पण ते रिफंड मागता येतात. कंपोझिशनमध्ये गेले की 10.80 गेलेच, वर 1 टक्का खिशातून, बिलात कर लावता येत नाही, डीलरला क्रेडिट मिळत नाही म्हणून तो माल घेणार नाही, आणि राज्याबाहेर विकता येत नाही ते वेगळंच.

वखरवाला_परभणी
बाहेर विकतो की. आदिलाबाद, निर्मल, बिदर, तिकडं आमची पंजी लई चालते.

धर्माबादी_मिरची
मग राहू द्या. मी आपलं माझं सांगितलं.

सेलूचं_आडत
डीलरचं टेन्शन घेऊ नका हो. आता 45 दिवसाचा कायदा हाय. 45 दिवसात पैसे दिले नाहीत तर पैसे देईपर्यंत समोरच्याला तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरता येत नाही. मी सगळ्या पार्ट्यांना हेच सांगतो, उद्यमचा (छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा) नंबर छापलाय बिलावर ठळक.

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
काका, तुम्ही व्यापारी ना? उद्यम नोंदणी व्यापाऱ्याला मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. उशिराच्या पेमेंटचं संरक्षण बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला, तेही सूक्ष्म आणि लघु असेल तरच. आणि 45 पण लेखी करार असंल तर. नसंल तर 15 दिवस.

सेलूचं_आडत
माझे तर पैसे आले की छापल्यावर.

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
समोरच्याला माहीत नव्हतं म्हणून आले काका.

उदगीरचे_मामा
या उद्यमवरून आठवलं. मी एका एजंटाला अडीच हजार देऊन सर्टिफिकेट काढलं, मग कळलं सरकारी साइटवर फुकट निघतं. बरं तेही सोडा, त्या बाबानं माझ्या पत्र्याच्या कोठ्या बनवायच्या कारखान्याला ‘ट्रेडिंग’ टाकून दिलं. दोन वर्षांनी एका पार्टीविरुद्ध समाधान पोर्टलवर (थकलेल्या पैशाच्या तक्रारीची सरकारी साइट) तक्रार करायला गेलो तर समोरच्याचा वकील म्हणतो हे तर व्यापारी. तीन लाखाचा विषय होता. तो एजंट आता फोन उचलत नाही. वखरवाले, तुमचं सर्टिफिकेट आधी उघडून बघा.

लातूरची_डाळ
म्हणून म्हणायलो सीए धरा.

उदगीरचे_मामा
तो एजंट पण स्वतःला सीएच म्हणत होता.

ट्रॉली_जिंतूर
मध्येच विचारतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर आता 5 का 18? आमच्याकडं एक जण 5 लावतो, एक 18. गिऱ्हाईक 5 वाल्याकडं पळायलंय.

अंबडचा_पाव्हणा
सगळे सॉफ्टवेअरचं विसरले. मी मोबाइलवरचं बिलिंग ॲप घेतलं, वर्षाला तीन हजारात. बिल तिथंच, व्हॉट्सॲपला तिथूनच, उधारीची आठवण पण आपोआप जाते. पाव्हण्यांना पण एकदा चुकून गेली, लग्नात बोलणं झालं त्याच्यावरून. पण ॲप चांगलं.

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
ॲप बिल करंल, रिफंडचा अर्ज करणार नाही. वखरवाले, तुमचं खरं काम तेच आहे. आरएफडी-01 ह्या रिफंडच्या फॉर्ममध्ये मागायचं, दोन वर्षांची मुदत. रिफंड किती ते काढायच्या सूत्रात कच्चा माल धरतात, वेल्डिंग मशीन किंवा जॉबवर्कचं क्रेडिट धरत नाहीत, म्हणून सगळे पैसे येतील अशी आशा ठेवू नका. आता जोखीम कमी दिसली तर 90 टक्के आधी देऊन उरलेलं नंतर तपासतात. हे एकदा कुणाकडून तरी नीट बसवून घ्या, महिन्याची फी नका देऊ, कामापुरते द्या. दर महिन्याचं रिटर्न नको असंल तर उलाढाल पाच कोटीच्या आत असली तर तिमाही पण चालतं.

लातूरची_डाळ
कामापुरता सीए येत नसतो बाळा. सीए घरचा लागतो.

सेलूचं_आडत
आणि गाडी भरताना ई-वे बिल (मालासोबतचा ऑनलाइन परवाना) विसरू नका, पन्नास हजाराच्या वर.

अंबडचा_पाव्हणा
महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाख हाय काका.

सेलूचं_आडत
ते आदिलाबादला पाठवतेत ना, तिथं पन्नासच. मी बरोबरच बोलायलो.

वखरवाला_परभणी
सगळ्यांचे आभार. मामांचं ऐकून सर्टिफिकेट उघडलं. मॅन्युफॅक्चरिंगच लिहिलंय, देवाची कृपा. पण वेगळीच गंमत निघाली. उद्यमवर मोबाइल नंबर त्या पुण्याच्या पोराचा. जीएसटी उघडायला गेलो, तिथंही नंबर त्याचा, ईमेल त्याचा, पासवर्ड त्याच्या डोक्यात. रात्री नऊला फोन करून ओटीपी मागितला तर म्हणतो मामा, जेवायलो, पाच मिनिटं थांबा.

उदगीरचे_मामा
अगागा. आज रात्रीच नंबर बदला. पोरगा चांगला असंल, पण उद्या त्याचं सिम बंद पडलं तर?

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
मामांशी सहमत. सीए ठेवा नाही तर ठेवू नका, नंबर आणि ईमेल तुमचाच पाहिजे. आणि डीलरला आधी लेखी नोटीस द्या, व्याज मागा. बँक रेटच्या तिप्पट, महिन्या-महिन्याला चक्रवाढ, कायद्यातच हाय. नाही ऐकलं तर सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

वखरवाला_परभणी
घरी बसून ठरलं एकदाचं. नंबर माझा टाकला, ते झालं. बाकी हिशोब त्या पुण्याच्या पोरालाच दिला, महिना हजार, फोनवर. त्याला आमच्या सगळ्या पार्ट्या पाठ हायेत, कोण कधी उधार मागतो ते पण. रिफंडचं तो शिकून घेतो म्हणालाय, मी त्याला ह्या धाग्यातलं सगळं पाठवलंय. डीलरला नोटीस नाही देत. वीस वर्षाचा संबंध, शिवाय तो आमचा निम्मा माल उचलतो, तक्रार टाकली की पैसे येतील अन् गिऱ्हाईक जाईल. सोमवारी अण्णा (आमचे वडील) जाऊन त्याच्या दुकानात बसणार हायेत. अण्णा चहा पीत नाहीत, पाणी पीत नाहीत, पैसे मिळेपर्यंत नुसते बसतात.

लातूरची_डाळ
मग विचारलं कशाला एवढं?

सेलूचं_आडत
अण्णांना उद्यमचं सर्टिफिकेट झेरॉक्स करून सोबत द्या. ठळक.

ट्रॉली_जिंतूर
ट्रॉलीचं कुणी सांगा की ओ.

सीए_फायनल_तिसरा_अटेम्प्ट
शेतीची, स्वतः भरणारी किंवा स्वतः रिकामी होणारी असंल तर 5. साध्या ट्रॉलीला 5 लावणाऱ्याकडं गिऱ्हाईक पळायलंय ना, पळू द्या, नोटीस पण त्याच्याकडंच येईल.

ट्रॉली_जिंतूर
आमची जॅक लावला की आपोआप उलटते. मग 5 च ना?

धर्माबादी_मिरची
ट्रॉली उलटली की 5, गाडी उलटली की 18 😄