सांख्यिकी शिकवायला रंजक अ‍ॅप शोधू नका, खरे आकडे शोधा

गोदातीर (धागाकर्ता)

मी निफाड तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवतो. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सतत एकच विचारणा असते: नववी-दहावीच्या मुलांचं लक्ष लागेल असं ऑनलाइन काही आहे का? मग व्हिडिओ, प्रश्नमंजुषा, खेळ यांच्या लिंका येऊन पडतात. त्यातलं बरंच मी वर्गात वापरलेलं आहे, म्हणून माझं मत मांडतो. विरोध असेल तर मोकळेपणाने करा.

भूमितीला जिओजिब्रा हे आकृत्या काढून हलवून बघायचं सॉफ्टवेअर पुरतं. मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्ग विद्यापीठात ते सुरू केलं आणि वर्गात वापरायला ते आजही फुकट आहे. त्रिकोणाचे तीन शिरोलंब, म्हणजे शिरोबिंदूतून समोरच्या बाजूवरचे लंब, काढायचे आणि एक शिरोबिंदू ओढत न्यायचा. कोन विशाल झाला की ते तिन्ही जिथे मिळतात तो संपातबिंदू त्रिकोणाच्या बाहेर जातो. फळ्यावर हे दाखवायला चार आकृत्या काढाव्या लागतात, आणि तरी मुलांना त्या चार वेगळ्या आकृत्याच वाटतात.

सांख्यिकीचं दुखणं निराळं आहे. पुस्तकातली सारणी आयती येते. वर्ग पाडलेले, वारंवारता दिलेली, मुलाने फक्त सूत्रात किमती घालायच्या. मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत), बहुलक (सर्वांत जास्त वेळा येणारी किंमत) तिन्ही काढता येतात, पण कुठला कधी वापरायचा हे विचारलं की वर्ग गप्प. यावर रंगीत प्रश्नमंजुषा हा उपाय नाही, कारण तीही तेच आयतं गणित फक्त घाईने सोडवायला लावते.

मी काय करतो ते सांगतो. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजार समित्यांची रोजची आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर मिळतात, तेही मराठीत. लासलगावचे कांद्याचे आकडे फळ्यावर लिहितो आणि विचारतो, किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनने भागलं तर सर्वसाधारण दर का येत नाही? एका मुलाने उत्तर दिलं, "सर, कमाल भाव एखाद्याच ट्रॅक्टरला मिळतो. बाकीचे सगळे मधल्या भावात जातात." बहुलक काय असतो हे त्या मुलाला सूत्राआधी कळलं. असं साधन मला कुठल्याही अ‍ॅपमध्ये सापडलेलं नाही.

खडूफळा

सर, तुमचं उदाहरण उत्तम आहे, पण मुळातच तुम्ही ऑनलाइनला फार मोठं स्थान देता. माझ्या वर्गात पन्नासच्या वर मुलं, सगळ्या शाळेत मिळून एक प्रोजेक्टर, आणि वीज आपल्या सोयीने येते. अशा वर्गात जिओजिब्रा लावलं की शिरोबिंदू ओढणारा हात शिक्षकाचा असतो. मुलं बघतात, "आ" करतात आणि घरी जातात. परीक्षेत कंपास त्यांनाच धरायचा असतो. स्वतःच्या हाताने तीन शिरोलंब काढताना रेषा चुकते, गुण्या सरकतो, तीन रेषा एका बिंदूत येत नाहीत, तेव्हा मूल थांबून विचार करतं. पडद्यावर काहीच चुकत नाही, म्हणून थांबायची वेळच येत नाही.

आणि खिळवून ठेवायला इंटरनेट लागतं कुणी सांगितलं? आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा ६१७४ घ्या. चार अंकी संख्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजाबाकी करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. २०१९ घेतला तर ९२१० वजा ०१२९ म्हणजे ९०८१, मग ९६२१, मग ८३५२, मग ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच पोहोचता. पाचवीपासून दहावीपर्यंत मी हे घेतो. तास संपल्याची घंटा झाली तरी मुलं उठत नाहीत. लागतं काय, वही आणि पेन्सिल.

मनीषा_पिंपरी

खडूफळा सर, कापरेकरांबद्दल शंभर टक्के सहमत. पण "पडद्यावर काहीच चुकत नाही" हे सरसकट खरं नाही. कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट बघा, पडद्यावर करून बघायच्या प्रयोगांचा, म्हणजे सिम्युलेशनांचा फुकट संग्रह. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा प्रकल्प आहे. विज्ञानासाठी तो अनेकांना ठाऊक आहे, गणिताचा विभाग मात्र कुणी उघडत नाही. त्यात मध्य शिकवायला पाण्याचे पेले आहेत. प्रत्येकात पाणी कमीजास्त, खाली नळीने जोडलेले. मुलाने आधी अंदाज करायचा की नळ्या उघडल्यावर पाणी किती उंचीवर स्थिरावेल, मग उघडून बघायचं. अंदाज चुकतो आणि तिथेच शिकणं सुरू होतं. सगळं सारखं वाटून दिलं तर प्रत्येकाच्या वाट्याला किती, हे समजलेलं मूल बेरीज भागिले संख्या हे सूत्र विसरत नाही.

गोदातीर सर, म्हणून तुमच्या "अ‍ॅप शोधू नका"लाही माझा विरोध आहे. तुमची मुलं कांद्याच्या भावात वाढली आहेत. माझ्या वर्गातल्या मुलांचे आईवडील एमआयडीसीत कामाला जातात, त्यांना आवक आणि लिलाव आधी समजावून सांगावे लागतील. शिवाय खरे आकडे ओबडधोबड असतात. सहावी-सातवीला आधी कल्पना पक्की व्हावी लागते, आणि त्यासाठी पाण्याचे पेलेच बरे.

विजेचं आणि नेटचं म्हणाल, तर फेटची फाइल एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालते. काही सिम्युलेशनं मराठीतही आहेत.

ठाण्याची_आई

मी शिक्षिका नाही, दोन मुलांची आई आहे. तुम्ही सगळे वर्गातलं बोलताय, पण यातलं निम्मं शेवटी "घरी बघून या" म्हणून आमच्याकडे येतं. घरात एक मोबाइल, तो संध्याकाळी नवरा कामावरून आल्यावर मिळतो, आणि दोघा भावंडांना एकाच वेळी हवा असतो. लिंक उघडली की शेजारी दहा गोष्टी खुणावतात. बाळबोध वाटेल, पण पुस्तकाबरोबर असं होत नाही.

प्रश्नमंजुषेबद्दल तर माझं मत फार वाईट आहे. धाकटा हळू आणि नीट सोडवणारा. पटकन बोट मारणारे वर जातात, याचं नाव खाली दिसतं. आता तो म्हणतो मला गणित येत नाही. येतं त्याला! वेगाला गुण देणारं काहीही गणिताच्या तासाला नको, एवढी विनंती.

सह्यवारा

माझं रोजचं काम आकडेवारीचं आहे, म्हणून सांख्यिकीपुरतं बोलतो. गोदातीर सरांच्या बाजूने आहे, पण त्यांनी धडा अर्ध्यावर सोडला असं वाटतं. किमान, कमाल आणि सर्वसाधारण या तीन दरांतून त्या दिवशीच्या सगळ्या कांद्याचा मध्य काढता येईल का? नाही, कारण कुठल्या भावाला किती क्विंटल गेला हे कळत नाही. आवक कळते, तिची विभागणी कळत नाही. हा प्रश्न मुलांना विचाराच. हातातल्या आकड्यांतून काय निघत नाही हे ओळखणं पुस्तकात कुठेच नाही, आणि नोकरीत मला रोज तेच करावं लागतं.

खडूफळा सर, हाताने काढण्याचं महत्त्व मान्य, पण एक गोष्ट संगणकाशिवाय नीट जमत नाही. संख्याशास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅन्सकॉम यांनी १९७३ साली चार छोटे संच मांडले, प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत क्षचा मध्य ९, यचा मध्य जवळपास ७.५, सहसंबंध (क्ष आणि य किती जुळून बदलतात याचं माप) ०.८१६, सगळं सारखं. आलेख काढला की एक सरळ रेषेभोवती विखुरलेला, दुसरा वक्र, तिसऱ्यात एक बिंदू रेषेपासून दूर गेलेला, आणि चौथ्यात एक सोडून सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेत. हे वहीवर काढायला तास जाईल. कोडॅप नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्येच चालतं. तिथे एखादा बिंदू बोटाने हलवला की मध्य किती सरकतो आणि मध्यक जागचा हलतो की नाही, हे मुलाला स्वतःला करून बघता येतं.

खडूफळा

एक बिंदू सरकवून मध्य बघणं मला पटलं, ते मी घेईन. पण मनीषा मॅडम, फेटमध्ये संभाव्यतेचंही आहे ना, गोळ्या खिळ्यांमधून पडत जातात ते? तिथे मी अडून बसणार. आधी नाणं उडवा! पन्नास मुलांनी प्रत्येकी वीसदा उडवलं तर हजार नोंदी होतात. अठराव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञ बफाँने ४,०४० वेळा उडवून २,०४८ छापे मोजले, संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने २४,००० वेळा उडवून १२,०१२. एखाद्याला वीसपैकी चौदा छापे येतात आणि तो हटून बसतो की नाण्यातच खोट आहे. मग सगळ्या वर्गाची बेरीज होते आणि गुणोत्तर अर्ध्याच्या जवळ येतं. संगणकाने एका क्षणात लाख नाणी उडवली तर मुलाचा त्यावर विश्वास का बसावा? आतलं यंत्र कुणी बघितलंय?

मनीषा_पिंपरी

क्रमाबद्दल मान्य. आधी नाणं, मग संगणक. पण नाण्यावरच थांबू नका, कारण हजारावरून लाखावर गेल्यावर गुणोत्तर कसं स्थिर होत जातं हे नाणी उडवून दिसणार नाही.

चांदवडकर

धागा आवडला, पण गोदातीर सरांना एक सांगायचं आहे. मी त्याच भागातली, शेतकऱ्याची मुलगी. कांद्याचा भाव पडलेल्या दिवशी तो आकडा फळ्यावर आला असता, तर मला तो तास नको झाला असता. सर विचारत असतात कमाल कुणाला मिळाला, आणि त्या दिवशी किमान भाव आमच्याच ट्रॅक्टरला मिळालेला असतो. मुलं हे बोलून दाखवत नाहीत. खरे आकडे हवेतच, पण ते कुणाच्या घरचे आहेत याचा विचार आधी व्हावा.

गोदातीर

ताई, तुमचं म्हणणं महत्त्वाचं आहे. चालू हंगामाचे आकडे वर्गात आणायचे नाहीत, जुन्या वर्षांचे घ्यायचे, हे आजपासून माझ्यापुरतं ठरलं. सुरुवात पावसापासूनही करता येईल. कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर तालुकानिहाय आणि महसूल मंडळनिहाय (मंडळ म्हणजे तालुक्यातल्या काही गावांचा गट) रोजचा पाऊस मिळतो. एकाच तालुक्यातल्या दोन मंडळांचा जुलै शेजारी शेजारी मांडला, तर तालुक्याची सरासरी ओलांडली तरी एखाद्या मंडळात पेरण्या कशा रखडतात, हे मुलांना दिसेल.

सह्यवारा

पावसाच्या आकड्यांत एक जपा. शून्य मिलिमीटर म्हणजे पाऊस नव्हता, की त्या दिवशी केंद्रातून नोंदच आली नाही? शेजारच्या मंडळात त्या दिवशी धो धो असेल तर शंका घ्यायला मुलांना शिकवा. असे दिवस गाळून सरासरी काढा आणि ठेवूनही काढा, किती फरक पडतो ते बघू द्या.

खडूफळा

संकेतस्थळाआधी पटांगणात पर्जन्यमापक ठेवा. रोज सकाळी साडेआठला एका मुलाने मोजायचं, वहीत लिहायचं आणि महिनाअखेरीस मंडळाच्या आकड्याशी ताडून बघायचं. एवढं होणार असेल तर त्या तासाला प्रोजेक्टर मीच लावून देतो. फक्त दहावीच्या वर्गात दिवाळीनंतर मला हे काही सांगू नका. तेव्हा मला सूत्रं आणि सरावच घ्यायचा आहे, कारण उत्तरपत्रिकेत मुलांच्या शंकेला अजून एकही गुण नाही.