राखीव जागा आणि बहाई

इराणच्या मजलिसमध्ये, म्हणजे संसदेत, ज्यू, पारशी आणि ख्रिश्चनांना राखीव जागा आहेत, मग तिथे धर्मस्वातंत्र्य नाही असं कसं म्हणता, असा मुद्दा काही जण मांडतात. तो अर्धाच खरा आहे. जागा आहेतच, २९० पैकी ५. पण राज्यघटनेचं १३वं कलम अल्पसंख्य म्हणून या तीनच धर्मांना मान्यता देतं. बहाई धर्माचे लोक त्यात नाहीत. खरं तर तिथला सर्वांत मोठा बिगर-मुस्लिम समाज त्यांचाच मानला जातो, आणि त्यांच्या धर्माचा जन्मही इराणमधलाच. १८ जून १९८३ला शिराझमध्ये १० बहाई स्त्रियांना फाशी दिलं. मोना महमूदनिझाद फक्त १७ वर्षांची होती, लहान मुलांचे धर्मवर्ग घ्यायची. धर्म सोडला तर सुटका, असं त्यांना सांगितलं होतं. एकीनेही सोडला नाही. तरुणांना विद्यापीठात प्रवेश नाही, म्हणून १९८७पासून हा समाज घराघरांत स्वतःचं उच्चशिक्षण चालवतोय.

याची तुलना काही जण फ्रान्सशी करतात. फ्रान्सने २००४मध्ये सरकारी शाळांत हिजाबवर बंदी घातली तीही मला चूकच वाटते. पण तिथल्या मुलीला खासगी शाळा उरते, कोर्ट उरतं, उघड निषेध करता येतो. शिराझच्या मोनाला यातलं काहीच नव्हतं. दोन्ही एकाच तराजूत घालणं मला पटत नाही.