दर तेच, खिसा मात्र हलका

२०२४ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या मजूर पक्षाच्या स्टार्मरांबद्दल म्हणतात, "स्टार्मर निदान निवडणुकीत दिलेल्या शब्दाला जागले, पगारावरच्या आयकराचे दर वाढवले नाहीत." हे कागदावर खरंच. पण करमुक्त मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर अडकलीय आणि त्यांच्या अर्थमंत्री रीव्ह्जबाईंनी ती २०३१ पर्यंत गोठवून ठेवली. पगार वाढला की लचका सरकारचा! मालकांचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे कामगारांच्या पगारावर मालकाने सरकारला भरायचा हप्ता, १३.८ वरून १५ टक्के झाला, तोही वर्षाच्या ९,१०० ऐवजी ५,००० पौंड पगारापासून. ओळखीतल्या एका केअर होमने त्यानंतर अर्धवेळ जागा भरल्याच नाहीत. कामावर राहिलेल्या बायका दुप्पट धावतात. पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता आधी कापला, मग ओरड झाल्यावर बहुतेकांना परत दिला. पैसे वाचले नाहीत ते नाहीत, वर शिव्या पदरात. २०२४ च्या निवडणुकीत स्टार्मरांच्या पक्षाला मतं जेमतेम ३४ टक्के, पण संसदेत जागा चारशेच्या वर होत्या की! मग इतकं दबकत चालायचं कशाला?