बोरुटो: शेवट आधीच दाखवला, मग मधलं एवढं कशाला? (स्पॉयलर हायत)

रंकाळ्याचा_रामेनवाला:
मंडळी, निन्जा नारुटोच्या जपानी ॲनिमे कार्टूनचे 220 एपिसोड आन त्याच्याच पुढच्या भागाचे, शिपुडेनचे 500 दोनदा बघून झालेत माझे, फिलरसकट (मूळ गोष्टीत नसलेले भरीचे एपिसोड), त्यामुळं त्याच्या पोराची गोष्ट, बोरुटो, बघायचा हे ठरलेलंच होतं. पण 50 व्या एपिसोडला गाडी अडकली. सुरुवात काय जबरदस्त केल्या राव, त्यांच्या गावाचा, कोनोहाचा पार चुराडा, होकागेंच्या (गावच्या प्रमुखांच्या) दगडी तोंडांवर बोरुटोचा वैरी कावाकी आन मोठा झालेला बोरुटो समोरासमोर, कावाकी म्हणतोय शिनोबींचा, म्हंजे निन्जांचा, जमाना संपला. काटाच आला अंगावर. आन पुढं काय, तर शाळा! खासबागेत एक नंबरच्या जोडीची सलामी झाली, आन मग तीन तास बारक्या पोरांच्या कुस्त्या सोडल्या, असं वाटाय लागलंय.

वर त्या बोरुटोचा राग येतो. बा होकागे, आई हिनाता, घरात ताटावर गरम जेवण, आन ह्याचं रडगाणं काय तर पप्पा घरी येत नाहीत. नारुटोला बापच नव्हता की. बघू का सोडू?

कटवडा_कुन:
सोडू नको. तुझी शाळेची तक्रार बरोबर हाय, पण त्याचं कारण मासिकात हाय बघ. नारुटोची मांगा, म्हंजे मूळ कॉमिक, दर आठवड्याला यायची, बोरुटोची महिन्याला एकदा. ॲनिमे मात्र आठवड्याला. मग मधली भोकं बुजवायची कशानं? भर घालून. तरी ते शाळेतलं मला चाललं, बोरुटोचा दोस्त मित्सुकी तिथंच कळतो. खरी बोंब वेगळीच हाय, 2017 ला सुरुवातीलाच बोरुटो-कावाकीचं जे मैदान दाखवलं तिथं पोचायच्या आत 2023 च्या मार्चमध्ये 293 वर ॲनिमे थांबलं. सहा वर्षं आम्ही ताट मांडून बसलो आन रस्सा आलाच न्हाय. पुढचं पाहिजे तर मांगा वाच, तिचा पुढचा भाग टू ब्ल्यू वोर्टेक्स, 2023 च्या ऑगस्टपासनं चालू हाय. आन 2020 च्या शेवटाकडं कोडाची ह्या लेखकाकडनं लेखन परत नारुटोच्या मूळ लेखकाकडं, किशिमोटोकडं आलं, चित्रं इकेमोटोचीच. तिथनं पुढं गोष्टीला धार आल्या असं माझं मत.

शाहूपुरीची_साराडा:
बोरुटोच्या रागावरनं मी भांडणार हाय. माझे पप्पा रातपाळीचे ड्रायव्हर, माझ्या दहावीच्या निकालादिवशी ते घाटात होते आन मी पेढे हातात घेऊन फोनवर बोललो. बाप असून नसणं काय असतं ते बाप नसलेल्याला पण कळंलच असं न्हाय, आन नारुटोला तेच कळत नसतंय, म्हणून तर ती गोष्ट लिहिल्या. तू अजून तीन एपिसोड बघ. 53 ला बोरुटोच्या बहिणीचा, हिमावारीचा वाढदिवस हाय, बा घरी आलेला असतो, केक घेऊन उभा, आन फट् करून गायब, केक खाली. घरी आलेला होता तो कागे बुनशिन, नारुटोनं केलेली स्वतःची नक्कल! ज्या जुत्सुवर (निन्जाच्या विद्येवर) आपण लहानपणी टाळ्या वाजवल्या त्याच जुत्सुनं पोरीचा केक पाडला. एवढं चांगलं लिहिलेलं शिपुडेनमध्ये पण लई कमी हाय.

वस्ताद_जिराया:
ताई बरोबर बोलल्या. त्याच्या पुढचंच, निन्जांच्या बढतीच्या चुनिन परीक्षेत पोरगं हातात यंत्र लपवून जिंकतंय, ते कळल्यावर नारुटो स्वतः मैदानात उतरतो आन भरल्या लोकांत त्याच्या कपाळाची निन्जाची पट्टी काढून घेतो. तालमीत अंगाला तेल चोपडून आलेल्या पोराला वस्ताद हाकलतात, सेम तसं. फक्त हितं वस्ताद पण तोच आन बाप पण तोच.

कटवडा_कुन:
आन 217-218 एपिसोडला रुमाल घेऊन बस. बॅरियन मोड ह्या जीवावरच्या ताकदीत नारुटोला वाटत असतंय जीव आपला चाललाय, आन त्याच्या अंगातल्या कोल्ह्यानं, कुरामानं... जाऊ दे, सांगत न्हाय.

रंकाळ्याचा_रामेनवाला:
सांगितलंस की अर्धं, शहाण्या!

काल रात्री 53 बघितला. केक पडला तिथं मागं घेऊन परत लावला. बोरुटोचं तोंड अजून आवडत न्हाय मला, पण त्या दिवशी त्यानं जरा जास्तच तोडफोड केली असती तरी चाललं असतं. 65 पर्यंत जातो आता, मोमोशिकी ह्या व्हिलनची फाइट तिथंच हाय म्हणं. पुन्हा शाळा आली तर शिव्या हितंच येऊन घालणार.