बौद्धिक दिव्यांग मूल: विशेष शाळा की वस्तीतली शाळा?

विशेष_शिक्षिका
नागपुरात प्रवेशाचे दिवस आले की पालकांना सल्ला मिळतो, साध्या शाळेत टाका, मिसळेल. मला हे अजिबात पटत नाही. पन्नास मुलांच्या वर्गात ते मूल मागच्या बाकावर नुसतं बसून राहते. शर्टाचं बटण लावणं हेच उदाहरण घ्या. विशेष शाळेत ते शेवटून शिकवतात. शिक्षक बटण अर्धं काजात घालून देतात, मूल फक्त ओढून घेते. काम पूर्ण झाल्याचा आनंद पहिल्याच दिवशी. ते पक्कं झालं की त्याआधीची पायरी. आधी टेबलावरच्या कापडाला कोटाचं मोठं बटण, मग अंगातला शर्ट. मदतही उतरत जाते: हात धरून, मग मनगटाला हलका स्पर्श, मग नुसती खूण. प्रत्येक प्रयत्नाची वहीत नोंद. साध्या वर्गातल्या बाईंनी हे कधी करायचं?

मानेवाडा_पालक
ताई, बटणाचं मान्य. पण वर्गात खुर्च्या मांडून बसप्रवास शिकलेलं मूल सीताबर्डीच्या गर्दीत खऱ्या ‘आपली बस’ या शहर बसमध्ये चढताना थिजते. गर्दी, हॉर्न, कंडक्टरची घाई यातलं काहीच वर्गात नसते. आणि खेळातली पाळी, भांडण, समेट कुणाकडून शिकणार? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शेजारच्या शाळेचा हक्क दिला तो यासाठीच.

विशेष_शिक्षिका
त्याच कायद्याचं कलम 31 पूर्ण वाचा. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण आहे, शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. बस वर्गातच शिकवणं ही त्या शाळेची कसूर. दुपारच्या रिकाम्या बसने एक थांबा, मग दोन, गर्दीची वेळ सगळ्यात शेवटी, असं शिकवावं लागते.

थेरपिस्ट_धरमपेठ
घराचं कुणीच बोललं नाही. आजी शेजारी बसून “घाल, ओढ, हं आता” म्हणत राहते, मग मूल बटणाकडे न बघता शब्दाची वाट पाहते. तोंडी मदत सोडवणं सगळ्यात कठीण. त्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात. सुट्टीभर घाईघाईत आईनेच बटणं लावली की जुलैत पुन्हा पहिल्या पायरीपासून. सुट्टी लागण्याआधी पालकांना एक पान द्या: कुठली पायरी, किती मदत, केव्हा गप्प बसायचं.

मानेवाडा_पालक
ते पान साध्या शाळेलाही देता येते ना! शाळाशाळांत फिरणारे विशेष शिक्षक ठरल्या दिवशी आले आणि वर्गशिक्षिकेसोबत बसून आराखडा केला, तर मुलाला वस्ती सोडून तासभर व्हॅनमध्ये का बसवायचं?

विशेष_शिक्षिका
आले तर. प्रवेश घेण्याआधी त्यांचं वेळापत्रक लेखी मागा, मागच्या वर्षीच्या नोंदवह्या बघा. वह्या नसतील तर त्या शाळेत घालू नका.