व्हीएमची भिंत आणि तिची भोकं

व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) म्हणजे पीसीच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेला दुसरा, वेगळा पीसी. ‘क्रॅक (लॉक तोडलेला, चोरीचा) गेम व्हीएममध्ये टाकला की मूळ विंडोजला धोका नाही’ असं म्हणतात, ते अर्धंच खरं. दोन्हींमधली भिंत सहसा फुटत नाही, आपणच दार उघडं ठेवतो. शेअर्ड फोल्डरला (आत-बाहेर दोन्हीकडे दिसणाऱ्या) आतून लिहायची परवानगी असेल तर आतलं रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणारा घातक प्रोग्राम) त्या फोल्डरमधल्या बाहेरच्या फाइलीही लॉक करतं. जळगाव-भुसावळकडे दुकानाच्या एकाच पीसीवर दिवसा टॅली, रात्री पोरांचे गेम. तो फोल्डर हिशेबाचा असेल तर डेटा गेलाच समजा.

व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘नॅट’ (मूळ पीसीमार्फत नेट देणारी सेटिंग) ठेवूनही आतून घरचा राउटर, दुसरे पीसी गाठता येतात. म्हणून नेटवर्क अ‍ॅडॅप्टर ‘नॉट अटॅच्ड’ (नेट तोडलेलं), क्लिपबोर्ड आणि ड्रॅग-ड्रॉप बंद, आधी स्नॅपशॉट (परत येता यावं म्हणून व्हीएमची त्या वेळची स्थिती जपून ठेवणं). तरी काही मालवेअर (घातक प्रोग्राम) व्हीएम ओळखून गप्प बसतं, त्यामुळे ‘आत काही झालं नाही’ म्हणून तीच फाइल बाहेर चालवू नका. शिवाय जड गेम तिथे रखडतच चालतो.