इशिगाकी-इरिओमोते: दिवाळीनंतर ७ रात्री, सोबत आईबाबा आणि ५ वर्षांचा मुलगा. आराखडा तपासून द्याल का?

मीटरगेज

नमस्कार मंडळी. भाऊबीज उरकून नोव्हेंबरच्या मध्यावर ओकिनावाच्या दक्षिण टोकाकडच्या याएयामा बेटांवर जायचं ठरतंय. माणसं ५: आम्ही दोघं, मुलगा, आणि सत्तरीचे आईबाबा. सपाटीवर दोघं चालतात, चढ आणि जिने नकोत. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. मुंबई ते टोकियो, तिथून इशिगाकी.

सध्याचा बेत: इशिगाकी २ रात्री, इरिओमोते (उएहारा गाव) २, ताकेतोमी १, हातेरुमा २. आठव्या दिवशी सकाळच्या बोटीने हातेरुमाहून परत आणि दुपारचं विमान.

तेव्हा वादळाची भीती असते का? गाडी भाड्याने घ्यावी का? आणि आईबाबांच्या जेवणाचं काय? कोणी सविस्तर सांगितलं तर बरं होईल.

खारेवारे

पहिलं काम: हातेरुमा शेवटून उचला. त्याच दिवशी विमान असताना तर मुळीच नको.

नोव्हेंबरात टायफूनचा जोर ओसरलेला असतो, तो धोका मुख्यतः जुलै ते ऑक्टोबर. पण ऑक्टोबरपासून उत्तरेचा वारा सुरू होतो आणि बोटी त्याच्यापायी अडतात. आशिया खंडावरचा उच्च दाबाचा पट्टा सरकला की दोन-तीन दिवस वारा लागून राहतो. इरिओमोतेला दोन बंदरं आहेत. उएहारा उत्तर किनाऱ्यावर, वाऱ्याला सरळ तोंड देऊन, म्हणून तिथल्या फेऱ्या सारख्या रद्द होतात. ओहारा आग्नेयेला, मधल्या प्रवाळाच्या आडोशाला, तिथे बोट सहसा जाते. हातेरुमाच्या वाटेवर प्रवाळ संपून उघडा समुद्र लागतो, त्यामुळे तीही वरचेवर बंद. हे बेट म्हणजे जपानचं सर्वांत दक्षिणेकडचं वस्तीचं बेट, मोह होणं साहजिक आहे, पण अडकलात तर विमान गेलं.

उएहाराची फेरी रद्द झाली तर बोट कंपन्या सहसा ओहाराला सोडून तिथून बसने उएहाराला पोचवतात. रस्ता तासाभराचा. म्हणजे उएहाराचं बुकिंग वाया जात नाही, दिवसाचं वेळापत्रक मात्र कोलमडतं. कोणती फेरी चालू, कोणती बंद, हे रोज सकाळी कंपन्यांच्या संकेतस्थळावर येतं. आनेई कांको आणि याएयामा कांको फेरी या दोन मुख्य कंपन्या. काही दिवसांचे पासही मिळतात, पण त्यात हातेरुमा धरलंय की नाही ते आधी बघा, आणि एका कंपनीचा पास दुसरीकडे चालेल असं गृहीत धरू नका.

आईबाबांना बोटीत मागच्या बाजूला बसवा. या वेगाने जाणाऱ्या छोट्या बोटी आहेत. लाट असली की पुढचा भाग उचलून आपटतो आणि वयस्कर माणसाच्या मणक्याला त्याचा थेट फटका बसतो. पुढून दिसतं छान म्हणून बरेच जण तिथेच जाऊन बसतात.

हवा दिवसा २५ अंश, रात्री २० च्या आसपास. पाणी २५-२६ अंश, पोहता येतं, पण वाऱ्यात बाहेर आल्यावर मूल कुडकुडतं. तेव्हा ३ मिलिमीटरचा वेटसूट भाड्याने घ्या. कुठे उतरायचं हे मात्र पाहून. इशिगाकीतल्या काबिरा उपसागराचे फोटो सगळीकडे दिसतात, पण प्रवाह जोरदार असल्याने तिथे पोहायला बंदी आहे. काचेच्या तळाची बोट घ्यायची, आईबाबांनाही ते सोयीचं. योनेहाराला प्रवाळ किनाऱ्यालगत आहे, पण प्रवाळाच्या भिंतीत जिथे खिंड आहे तिथून पाणी बाहेर खेचलं जातं आणि माणसं वाहून जातात. मुलासाठी माएझातो किंवा फुसाकीचा किनारा, तिथे हाबू जेलीफिश अडवायला जाळी लावतात. हा जेलीफिश डसला तर आधी व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही. निळ्या फुग्यासारखा तरंगणारा प्राणी डसला असेल तर उलट व्हिनेगर वापरायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. दोन्हींत गल्लत झाली तर दुखणं वाढतं.

डब्यातली_चटणी

जेवणाचं मी सांगते. मांस टाळणं सोपं आहे, दाशी टाळणं अवघड. बोनितो माशाच्या किसाचं हे पाणी सूपमध्ये, सॉसमध्ये, भाज्यांच्या उकडीत, सगळीकडे असतं. ‘शाकाहारी’ एवढंच सांगितलंत तर मांसाचे तुकडे बाजूला काढून तेच सूप पुढे येईल.

याएयामा सोबा (नूडल्स): डुकराच्या हाडांचं आणि बोनितोचं सूप, सोडा. गोया चाम्पुरू: कारलं पाहून आई खूश होतील, पण त्यात अंडं आणि डबाबंद मांस असतं, शिवाय परतायला बऱ्याचदा डुकराची चरबी. साता आंदागी (तिथले गोल तळलेले गोळे): अंडं. मोझुकू शैवालाची भजी: पिठात बहुधा अंडं. समुद्री द्राक्षं (उमिबुदो, हेही शैवालच) चालतील, पण सोबतचा पोंझू (आंबट सोया सॉस) बाजूला ठेवायला सांगा. जिमामी तोफू शेंगदाण्याचा, स्वतः निर्दोष, वरचा रस विचारून घ्या. दुकानातल्या करीच्या वड्यांतही बहुधा गाई-डुकराची चरबी असते, पाकिटावर बटाट्याचं चित्र असलं म्हणून फसू नका.

म्हणून इशिगाकीला स्वयंपाकघर असलेली खोलीच घ्या. गावात सान-ए आणि मॅक्सव्हॅल्यू ही मोठी दुकानं आहेत. तांदूळ तिथेच घ्यायचा. शिमा-दोफू म्हणून घट्ट तोफू मिळतो, तो कुस्करून कांदा-टोमॅटोवर परतला की भुर्जी झाली. भोपळा, गाजर, कोबी, पालक मिळतात. घरून मसाले, मेतकूट, कोरड्या चटण्या, दशम्या न्या. ताजा कढीपत्ता, आंबे-लिंबं, कच्चे तांदूळ-डाळी नेऊ नका. वनस्पती तपासणीचा दाखला नसेल तर विमानतळावर काढून घेतात. मांसाचं काहीच नको, पाकीटबंदसुद्धा.

इरिओमोते आणि ताकेतोमीवर कन्व्हिनियन्स स्टोअर नाही. तिकडच्या दिवसाचा डबा इशिगाकीहूनच बांधून न्या.

हॉटेलात दाखवायला जपानी लिपीत छापलेली चिठ्ठी ठेवा. तोंडी सांगायचं तर: ‘निकु मो साकाना मो तामागो मो ताबेमासेन. दाशि मो दामे देसु.’ (मांस, मासे, अंडं खात नाही. दाशीही चालत नाही.) शेवटचं वाक्य विसरायचं नाही.

परत येताना एक ध्यानात असू द्या: जांभळं रताळं कच्चं घेऊन मुख्य जपानकडे जाता येत नाही. रताळ्याला लागणाऱ्या किडीमुळे ओकिनावाबाहेर न्यायला बंदी आहे. त्याच्या वड्या, केक वगैरे चालतात.

क्लचप्लेट

गाडी घ्याच. काबिरा इशिगाकी गावापासून अर्ध्या-पाऊण तासावर, उत्तरेचं हिराकुबो दीपगृह तासाभरावर, आणि बसच्या फेऱ्या मोजक्या. डावीकडूनच चालवायचं, त्यामुळे आपल्याला सोपं. भारताने दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो (१९४९ च्या जिनिव्हा कराराचा). सारथी पोर्टलवरून आरटीओत अर्ज करा, निदान महिनाभर आधी. मूळ परवाना, आंतरराष्ट्रीय परवाना आणि पासपोर्ट तिन्ही हातात हवेत. एक जरी कमी असलं तरी चावी मिळत नाही.

पाच माणसं आणि बॅगा छोट्या गाडीत मावणार नाहीत. सात आसनांची घ्या. ६ वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीट कायद्याने लागते, बुकिंग करतानाच मागा. आधी गाडी मिळतेय का ते बघा, मग विमानाचं तिकीट काढा. बेटावर गाड्या मर्यादित, हंगामात संपतात.

तिथे काय चुकतं ते सांगतो. उलट्या लाल त्रिकोणाची पाटी म्हणजे चाकं पूर्ण थांबवायची, कोणी नसलं तरी. लाल दिव्याला डावीकडेही वळायचं नाही. ओकिनावाच्या डांबरात प्रवाळी चुनखडीची खडी असते, ती झिजून गुळगुळीत होते, म्हणून पहिल्याच सरीत रस्ता निसरडा होतो. आपल्याकडच्या पावसात चालवलंय या भरवशावर ब्रेक मारू नका. विमा काढताना गाडी बंद राहिल्याचा भुर्दंड (नॉन-ऑपरेशन चार्ज) माफ होणारा पर्याय घ्या, साध्या विम्यात तो येत नाही आणि किरकोळ खरचटल्यावरही २०,००० येनपासून पुढे लागतो. जीपीएसवर पत्ता टाइप करत बसू नका, ठिकाणाचा फोन नंबर टाकला की सापडतं.

इरिओमोतेला वेगळी गाडी घ्यावी लागेल. तिथे वेगमर्यादा ताशी ४० किमी, वस्तीत ३०, आणि ती पाळायचीच. इरिओमोते रानमांजर फक्त याच बेटावर आहे आणि रस्त्यावर गाडीखाली येणं हा त्याला मोठा धोका आहे. अंधार पडल्यावर गाडी काढूच नका.

मीटरगेज

सगळ्यांचे आभार, बराच उजेड पडला. हातेरुमा काढतो. मग इरिओमोते मुक्काम न करता दिवसात होईल का? आणि ताकेतोमीची एक रात्र ठेवू? आईला तिथली लाल कौलांची घरं बघायची आहेत.

पायपीट

ताकेतोमीला रात्र राहण्यातच मजा आहे, शेवटची बोट गेली की गाव गावासारखं होतं. तुमच्या बाबतीत मात्र नको म्हणेन. घरगुती मुक्कामात (मिन्शुकू) जमिनीवर गादी, सामायिक स्नानगृह, आणि रात्रीच्या जेवणात मासा ठरलेला. बोट १० ते १५ मिनिटांची, सकाळी पहिल्या-दुसऱ्या फेरीने जा. आईबाबा रेड्याच्या गाडीतून गाव बघतील, तुम्ही सायकलवर. पांढऱ्या प्रवाळी वाळूच्या वाटांवर सायकल घसरते, मुलाला मागे बसवून वळणं जपून घ्या. कोंदोइचा किनारा इतका उथळ की मूल तासभर खेळेल. बंदरात ३०० येनची ऐच्छिक प्रवेश वर्गणी मागतात, द्या. रोख जवळ असू द्या, एटीएम पोस्टातच आणि ठराविक वेळेतच.

खारेवारे

सातही रात्री इशिगाकीला, बंदराजवळ चालत जाण्याच्या अंतरावर राहा. मोठ्या बॅगा बोटीत चढवायलाच नकोत.

इरिओमोते दिवसात होतं, ओहारामार्गे. बोट साधारण पाऊण तासाची. बंदरातूनच नाकामा नदीची सफर सुटते, दोन्ही काठांना खारफुटी, चालायचं नाममात्र. पुढे युबू बेट: उथळ समुद्रातून रेड्याच्या गाडीने सुमारे ४०० मीटर, पंधरा मिनिटं. दोन्ही जोडून बसचे दौरेही असतात, गाडीपेक्षा तेच बरं. पिनाइसारा धबधबा तुमच्यासाठी नाही. चढ आहे, आणि आता तिथे परवानाधारक गाइडशिवाय जाता येत नाही, रोजच्या माणसांनाही मर्यादा आहे.

पहिला दिवस पोचण्यात जाईल. दुसऱ्या दिवशीच इरिओमोते, वारा आडवा आला तर तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी. ताकेतोमी मध्ये कुठेही. काबिरा आणि हिराकुबो बोट बंद असलेल्या दिवसांसाठी राखून ठेवा, गाडी तशीही दारात उभी असेल. शेवटचा पूर्ण दिवस जमिनीवरच. तुम्ही दोघं डायव्हिंग करणार असाल तर शेवटच्या बुडीनंतर विमानापर्यंत किमान १८ तास हवेत, हेही त्यात बसतं.

विमानाचं: टोकियोला दोन विमानतळ आहेत. नारिताला उतरून हानेदाहून इशिगाकी असं तिकीट स्वस्त दिसेल, पण मध्ये शहर ओलांडायचंय, म्हातारी माणसं आणि सामान घेऊन ५ तास तरी हवेत. शक्यतो हानेदा ते हानेदा करा, तिथून इशिगाकी तीन तासांच्या वर. नाहाला (ओकिनावाचं मुख्य शहर) थांबत जायचं तर पुढचा तासाभराचा टप्पा विमानानेच, नाहा-इशिगाकी प्रवासी बोट नाही. इ-व्हिसा मिळाला तर विमानतळावर तो फोनवर इंटरनेट लावून दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट धरत नाहीत. पाचही जणांचे व्हिसा ज्या फोनवर आहेत त्याचं रोमिंग मुंबईतच चालू करून घ्या. बाबांच्या रोजच्या गोळ्या महिनाभरापेक्षा जास्त नेऊ नका, आणि सर्दीच्या गोळ्यांत स्यूडोएफेड्रीन आहे का ते पाकिटावर वाचा. १० टक्क्यांवर असेल तर जपानमध्ये बंदी आहे.